धर्मादाय अफू

मंडळी, ३२ वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. अफूच्या युद्धांचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पाडायचे: विकणारे इंग्रज आणि भोगणारे चिनी. जपान मात्र दुसऱ्या धड्यात, १९०५ साली रशियाला हरवून आशियाची मान उंच करणारा! या दोन धड्यांची गाठ मी कधी घातलीच नाही. परवा नातवाने तैवानबद्दल काहीतरी विचारले, म्हणून वाचायला बसले आणि माझे रकाने मलाच पुसावे लागले.

१८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे आले. तिथे अफू ओढणारे पुष्कळ, आणि खुद्द जपानात तर अफूला कडक बंदी. गोतो शिनपेई या डॉक्टरांनी तोडगा सुचवला. एकदम बंदी नको. व्यसनींची नोंद करून त्यांना परवाने द्यावेत, अफू फक्त सरकारने विकावी आणि तो पैसा आरोग्याच्या कामी लावावा. हळूहळू व्यसन आपोआप संपेल. १८९७ साली तसा कायदा झाला. १९०० मध्ये परवानाधारक होते सुमारे १ लाख ६९ हजार.

खरे सांगते, योजना मला शहाणपणाची वाटली. आकडा पुढे उतरलाही. पण कच्ची अफू इराण, तुर्कस्तान आणि आपल्या हिंदुस्थानातून येतच राहिली, आणि तिच्या पैशाची सवय सरकारलाच लागली. १९२९ च्या अखेरीस पुन्हा नवे परवाने निघणार असे कळल्यावर च्यांग वेइशुइ या तैवानी डॉक्टरांच्या पक्षाने जानेवारी १९३० मध्ये थेट राष्ट्रसंघाला तार केली. राष्ट्रसंघाचे लोक आले, त्यांना भेटले. त्याच वर्षी व्यसनमुक्तीचे रुग्णालय निघाले आणि तिथे डॉ. तू त्सुंगमिंग यांनी हजारोंची अफू सोडवली. म्हणजे ती सोडवता येत होती!

तोवर सरकारी मक्त्याची वाट मळली होती. १९३२ मध्ये जपानने मांचुकुओ उभे केले, तिथेही अफूचा मक्ता आला. युद्धकाळात शांघायमध्ये सातोमी हाजिमे लष्कराच्या आशीर्वादाने अफू विकत होता. त्याच्या संस्थेच्या नावात ‘शांतांग’ असा शब्द होता. त्याचा अर्थ धर्मादाय संस्था!

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, तो धडा अपुरा राहिला होता. आज शिकवायचा झाला तर फळ्यावर एकच प्रश्न लिहीन: व्यसन सोडवणाऱ्याचेच पोट त्या व्यसनावर भरत असेल, तर ते सुटावे असे त्याला मनापासून वाटेल का?