जुन्या विवाहनोंदींतील ‘लायसन्स’ व इतर शब्द : पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांसाठी

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा, अशी इच्छा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत दिसून येते. हे स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या नोंदींतील शब्दांचा चुकीचा अर्थ लावल्यास पूर्वजांवर नकळत अन्यायही होतो. घोरावाडी येथील एका कुटुंबाने पणजोबांच्या विवाहनोंदीची प्रत आमच्याकडे आणली होती. मूळ गोव्याकडील या घराण्याची ती नोंद पोर्तुगीज भाषेत होती. पणजीच्या नावापुढे ‘नातुराल’ हा शब्द वाचून कोणीतरी ‘अनौरस’ असा अर्थ सांगितला होता आणि घरात तो विषय कायमचा बंद झाला होता. प्रत्यक्षात शब्द होते ‘नातुराल दे’ आणि पुढे गावाचे नाव. त्याचा अर्थ इतकाच की, ती त्या गावची. जन्माविषयी काही सांगायचे असल्यास लिहिणारा ‘फिल्हा नातुराल’, म्हणजे विवाहबाह्य संबंधातून झालेली कन्या, असे लिहीत असे; औरस कन्येस ‘फिल्हा लेजितिमा’ म्हणत. एका लहानशा शब्दाकडे दुर्लक्ष झाले आणि एका सुशील स्त्रीच्या नावाला अकारण डाग लागला.

घोरावाडी, तळेगाव, लोणावळा या पट्ट्यातील कॅथोलिक कुटुंबांना तीन भाषांतील नोंदी हाताळाव्या लागतात. पुण्यातील क्वार्टर गेटजवळचे ‘सिटी चर्च’ १७९२ साली पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, त्यांच्या सैन्यातील गोवेकर ख्रिस्ती लोकांसाठी उभे राहिले. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि रेल्वेच्या नोकरीने या भागात निरनिराळ्या प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबे आली. त्याच सुमारास मुंबई-पुण्याचे मिशन जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंकडे गेले व १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे आजोबांची नोंद इंग्रजीत, पणजोबांची लॅटिनमध्ये आणि त्यांच्या वडिलांची पोर्तुगीजमध्ये, असे होऊ शकते.

‘लायसन्स’ कोणाचे?

सर्वाधिक गोंधळ या शब्दाने होतो. त्याचे तीन वेगळे अर्थ आहेत.

पहिला, वधूवरांचा परवाना. विवाहापूर्वी चर्चमध्ये तीन वेळा जाहीर घोषणा करण्याची प्रथा होती. अँग्लिकन चर्चच्या इंग्रजी नोंदीत ‘बाय बॅन्स’ असल्यास अशा घोषणा झाल्या होत्या. ‘बाय लायसन्स’ असल्यास बिशपांच्या अधिकाराने मिळालेल्या परवान्यावर घोषणांविना विवाह झाला. यात लपवाछपवीचा अर्थ नाही. रेल्वे किंवा लष्करातील मनुष्याला बदलीच्या घाईतही असा परवाना सोयीचा असे.

दुसरा, विवाह लावणाऱ्याचा परवाना. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ या कायद्यान्वये काही पंथांच्या उपदेशकांना विवाह लावण्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागतो. बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूंना त्याची गरज नाही. म्हणून सहीखाली ‘लायसन्स्ड’ असा शब्द असेल, तर तो विवाह कॅथोलिक धर्मगुरूंनी लावलेला नसण्याचा संभव आहे. पुढचा शोध अन्य पंथाच्या नोंदींत घ्यावा.

तिसरा, धर्मगुरूंची आपसातील परवानगी. लॅटिन नोंदीत ‘दे लिचेन्तिया पारोकी’ असे आढळते. ‘प्रमुख धर्मगुरूंच्या अनुमतीने’ असा त्याचा अर्थ. पाहुण्या किंवा नातलग धर्मगुरूंनी विवाह लावला, एवढेच ते सांगते. त्या धर्मगुरूंच्या आडनावावरून घराण्याचे मूळ गाव सापडण्यास मदत होऊ शकते.

दिशाभूल करणारे आणखी दोन उल्लेख

लॅटिन ‘सोलुतुस’ किंवा ‘सोलुता’ याचा शब्दशः अर्थ ‘मोकळा’, ‘मोकळी’. त्यावरून घटस्फोटाची कल्पना करू नये. विवाहनोंदीत तो अविवाहितासाठी येतो. ‘विदुउस’ म्हणजे विधुर व ‘विदुआ’ म्हणजे विधवा.

‘दिस्पेन्सातिओ’ म्हणजे चर्चने दिलेली सूट. तिच्यापुढे नात्याची पायरी लिहिलेली असते आणि येथे काळाचे भान हवे. जुन्या पद्धतीत समान पूर्वजापासून एकाच बाजूच्या पिढ्या मोजत. म्हणून सख्ख्या चुलत, मामे वा मावस भावंडांचे नाते ‘दुसऱ्या पायरीचे’ ठरे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार दोन्ही बाजूंच्या पिढ्या मोजल्या जातात आणि तेच नाते आता ‘चौथ्या पायरीचे’ आहे. जुनी ‘तिसरी पायरी’ म्हणजे पणजोबा-पणजी समान असलेली भावंडे. आजच्या मोजणीने जुनी नोंद वाचल्यास नाते आहे त्यापेक्षा कितीतरी जवळचे भासते. शिवाय, सूट मिळाली याचा अर्थ विवाह सदोष होता असा नसून तो नियमानुसार झाला असा आहे.

शोध कसा घ्यावा?

आधी स्नानसंस्काराची नोंद पाहावी. १९०८ पासून अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीतही करणे बंधनकारक केले. समासातील त्या एका ओळीत विवाहाचे स्थळ व दिनांक मिळू शकतो. विवाहाची नोंदवही सापडत नसल्यास निराश होऊ नये. १८७२ च्या कायद्याप्रमाणे कॅथोलिक विवाहांचे त्रैमासिक तक्ते सरकारकडे पाठवले जात, आणि मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात जतन केलेल्या आहेत.

धर्मग्रामाच्या कार्यालयात जाताना नावे, अंदाजे वर्ष आणि गाव लिहून न्यावे. नोंदवह्या जीर्ण असतात व त्यांत इतरांच्याही खासगी बाबी असतात. त्या स्वतः चाळण्याचा आग्रह धरू नये. मिळालेली नोंद प्रथम मूळ शब्दांत, जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि अर्थ वेगळ्या कागदावर लिहावा. अर्थ चुकला तरी शब्द शाबूत राहतात व पुढची पिढी ते नव्याने वाचू शकते.

आपले पूर्वज आता स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत. त्यांच्याविषयी काही बोलण्यापूर्वी शब्द नीट वाचणे, हाही त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यासारखाच एक ऋणफेडीचा मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.