जलस्की
वेगवान मोटरबोटीला बांधलेला दोर धरून, पायांत स्की चढवून पाण्यावरून घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसनने 1922 मध्ये पेपिन सरोवरावर तो प्रथम साधला. 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये त्याची प्रात्यक्षिके झाली.

तंत्र : सुरुवातीला गुडघे छातीशी घेऊन, स्कीची टोके पाण्याबाहेर ठेवून बसावे लागते. बोट ओढू लागली, की हात सरळच ठेवायचे. घाईने दोर ओढून उभा राहणारा हमखास पडतो. बोटीमागे उठणाऱ्या लाटा ओलांडणे हा खरा कस. तेथे बर्फावरील स्कीइंगमध्ये उंचवटे पार करताना लागते तीच युक्ती उपयोगी पडते : लाटेवर चढताना गुडघे दुमडून धक्का जिरवणे, उतरताना ते सैल सोडणे, छाती व नजर मात्र स्थिर. तोल गेल्यास दोर लगेच सोडतात. बोटीवरील माणसांना हाताने खुणा करतात : अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा.

मांडवा (ता. अलिबाग) यासारख्या खुल्या किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने पाणी खवळते, त्यामुळे शिकाऊ व्यक्तीस सकाळची वेळ सोयीची. पावसाळा वर्ज्य. जीवरक्षक जाकीट व बोटीवर चालकाखेरीज एक निरीक्षक आवश्यक.