मजल आणि विसावा

पनवेलहून पेणच्या वाटेला लागले की कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. चढ संपवून आम्ही त्याच्या तळाशी, कातळात कोरलेल्या टाक्यांपाशी टेकलो. आमच्या तोंडून सहज निघाले, "जरा विसावा घेऊ." बरोबरचा कॉलेजातला तरुण म्हणाला, "हो, थोडी रेस्ट घेऊ." हे दोन शब्द तेथे एकाच दगडावर शेजारी बसले. त्यांची कुळकथा पाहण्यासारखी आहे.

'विसावा' हे संस्कृत 'विश्राम'चे प्राकृतातून घासत आलेले रूप. त्याच्या पोटात 'श्रम' आहे. श्रमल्यावाचून विसावा नाही. वारीत पालखी टेकते तो विसावा आणि अखेरच्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली ठेवतात तोही विसावाच.

इंग्रजी 'रेस्ट'चे नाते आणखी मौजेचे. त्याच्या कुळातील गॉथिक व जुन्या नॉर्स शब्दांचा अर्थ होता मैल, म्हणजे चालायचे अंतर! हे ऐकून आपण चकित व्हावे, तर आपली 'मजल' काय सांगते? अरबी 'मंझिल' म्हणजे वाहनावरून उतरण्याचे ठिकाण. मराठीत तो एका दिवसाच्या चालीचा मापदंड झाला आणि आपण 'मजल दरमजल' करू लागलो. एकमेकांशी नाते नसलेल्या भाषांनी वाट मोजली ती माणसाच्या थकव्याने.

कर्नाळा अशाच वाटांचा पहारेकरी. बंदरांकडून बोरघाटाने देशावर जाणाऱ्या मार्गांवर त्याची नजर असे. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिला, १६७० साली परत मिळवला. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बखरी-कागदांत या घडामोडी सापडतात. परंतु ज्यांनी ही टाकी खोदली, डोक्यावरून धान्य वर आणले, रात्री जागून काढल्या, त्यांचा विसावा कोणी टिपून ठेवलेला नाही. त्याची नोंद आहे ती या गार पाण्यात आणि आपल्या शब्दांत.

पुढे यंत्रे आली. यंत्राला थकवा नाही. त्यामुळे मजल कोठे संपली हे पायांनी ठरवण्याची सोय उरली नाही, भोंगा ठरवू लागला. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली. रविवारची ती सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. सहा वर्षे झगडून मिळवलेला तो विसावा होता.

इंग्रजीत आणखी एक 'रेस्ट' आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा अर्थ 'उरलेले'. उच्चार एक, कूळ निराळे. पण व्यवहारात आपण या दोहोंची गल्लत करतो आणि सगळे काम उरकून चुकून काही उरलेच, तर त्याला विश्रांती म्हणतो. ती उरलीसुरली वस्तू नव्हे. आपल्या पूर्वजांनी तिच्यानेच वाट मोजली. घरी राबणारी बाई असो की शेतावरचा गडी, त्यांची मजल कोठे संपते हे आपण कधी विचारले आहे काय?