वस्ताद, सेन्सेई आणि आपले कराटेचे सर : एका अभ्यासाची प्रस्तावना

जत्रेच्या हगाम्यात जोड लागली की निवेदक पैलवानाचे नाव सांगतो, गाव सांगतो आणि त्याच दमात तालीम आणि वस्ताद सांगतो. अमुक वस्तादांचा पठ्ठा म्हटले की जाणत्या प्रेक्षकाला निम्मी कुस्ती तिथेच कळते. हा पोरगा पट काढणार की धोबीपछाडावर जाणार, दमाला पुरेल की पहिल्या पाच मिनिटांतच मोकळा होईल, याचे अंदाज बांधायला लोक तिथूनच सुरुवात करतात. बीड जिल्ह्यात ही पद्धत अजून जिवंत आहे. मात्र त्याच जिल्ह्यात, त्याच तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानावर पांढऱ्या गणवेशातल्या मुलांकडून संध्याकाळी ठोसे मारून घेणाऱ्या कराटेच्या सरांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. सर ब्लॅक बेल्ट आहेत, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र आहे, एवढ्यावर पालकांचे समाधान होते. सर कोणाकडे शिकले, किती वर्षे शिकले, शिकवायला कोणी सांगितले, हे प्रश्न पडतच नाहीत.

हे प्रश्न पडावेत, म्हणून ही प्रस्तावना. खेळाडूंवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. त्यांना घडवणाऱ्यांवर एक-दोन परिच्छेद येतात, तेही पदक मिळाल्यावर. शिकवणारा माणूस कोणत्या घरातून आला, पोटासाठी काय करत होता, स्वतः शिकणे थांबवून दुसऱ्यांना शिकवू लागला ते कधी आणि का, याची पद्धतशीर नोंद करणे हे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र होऊ शकते. त्यात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत. इथे गर्दी अजिबात नाही.

सुरुवात शोतोकानपासून करणे सोयीचे आहे. जगभर सर्वाधिक पसरलेल्या कराटे परंपरांपैकी ही एक. शिवाय तिच्या शिक्षकांची, म्हणजे सेन्सेईंची, माहिती बऱ्यापैकी उपलब्ध आहे. या परंपरेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी हे पेशाने प्राथमिक शिक्षक होते. त्यांचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावा बेटावरच्या शुरीचा. लहानपणी प्रकृती तोळामासा. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे मनात होते. पण नव्या राजवटीत डोक्यावरची पारंपरिक शेंडी कापल्याशिवाय प्रवेश नाही आणि घरच्यांना तर शेंडी म्हणजे घराण्याची इज्जत. तो मार्ग बंद झाला. पुढे मास्तरकी करायची म्हणून शेंडी कापावीच लागली आणि घरात व्हायचा तो गहजब झालाच. दिवसा शाळा आणि रात्री गुरूच्या अंगणात कंदिलाच्या उजेडात सराव, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. गुरू दोन : आन्को अझातो आणि आन्को इतोसु. एकच काता (ठरावीक हालचालींचा क्रम) महिनोन्‌महिने करून घ्यायची, गुरूने मान हलवेपर्यंत पुढची द्यायची नाही, ही अझातोंची रीत फुनाकोशींनी स्वतःच सांगून ठेवली आहे. (आपल्याकडे वस्ताद नव्या पोराला आधी काही महिने नुसती माती खणायला आणि बैठका मारायला लावतात. सोशिकपणाची परीक्षा दोन्हीकडे आधी, विद्या नंतर.)

इतोसुंचे काम वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांत नेले आणि मुलांना झेपतील अशा पाच काता बांधल्या. त्याच आज शोतोकानमध्ये हेइआन म्हणून शिकवल्या जातात. म्हणजे बीडच्या शाळेत पिवळ्या पट्ट्याची परीक्षा देणारी सहावीतली मुलगी जे करते, ते मुळातच शाळकरी मुलांसाठी रचलेले आहे. शाळेत आल्यावर कराटे पातळ झाले, अशी तक्रार जुने लोक करतात. तक्रार अगदीच खोटी नाही, पण ती शंभर वर्षे उशिरा केलेली आहे.

१९२२ साली टोकियोत शिक्षण खात्याने भरवलेल्या प्रदर्शनात कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला फुनाकोशी गेले आणि तिकडेच राहिले. तेव्हा वय त्रेपन्नच्या घरात. ओकिनावातून शिकायला आलेल्या मुलांच्या वसतिगृहात एक छोटी खोली मिळाली. त्या बदल्यात राखणदारी करायची, अंगण झाडायचे, बाग राखायची. जेवणाच्या पैशांत सवलत मिळावी म्हणून तिथल्या आचाऱ्याला त्यांनी शिष्य करून घेतले. पुढे विद्यापीठांतून वर्ग सुरू झाले. १९३९मध्ये शिष्यांनी वर्गणी करून स्वतंत्र डोजो (सरावगृह) बांधला आणि फुनाकोशींच्या ‘शोतो’ या टोपणनावावरून त्याला शोतोकान म्हणू लागले. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ती वास्तू जळाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा गिगो आजाराने गेला. पुढच्या पिढीला शिकवण्याची बरीचशी जबाबदारी याच मुलावर होती.

अभ्यासकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पट्टे आणि डॅन (काळ्या पट्ट्याच्या श्रेणी) ही कराटेची घरची चीज नाही. जिगोरो कानो यांनी ज्युदोसाठी उभारलेली ती व्यवस्था फुनाकोशींनी १९२४मध्ये उचलली आणि आपल्या काही शिष्यांना पहिला डॅन दिला. ज्या गुरूंकडे ते स्वतः शिकले, त्या अझातो-इतोसुंनी कोणाच्याही कमरेला काळा पट्टा बांधला नव्हता. तिथे शिष्याची ओळख गुरूच्या नावानेच होत असे, आपल्या हगाम्यासारखीच. कराटे बेटावरून महानगरात आले, ओळखीपाळखीच्या लोकांतून अनोळखी लोकांत आले, आणि शिक्षकाची पत सांगायला कागद लागू लागला. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा बदल हा आहे. बीडमधल्या आजच्या स्थितीचे मूळही तिथेच सापडते.

पुढचा टप्पा शिक्षक घडवण्याचा. १९४९मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली. मासातोशी नाकायामा हे तिचे मुख्य प्रशिक्षक. केंदो (जपानी तलवारबाजी) शिकवणाऱ्या घराण्यातून आलेले, ताकुशोकु विद्यापीठात शिकलेले, युद्धकाळात बरीच वर्षे चीनमध्ये राहिलेले. १९५६च्या सुमारास त्यांनी प्रशिक्षकांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेले तरणे खेळाडू त्यात निवडले जात. रोजच्या अंगमोड सरावाबरोबर शरीररचना, मानसशास्त्र, अध्यापनपद्धती असे विषय असत, निबंध लिहावे लागत. त्यातून बाहेर पडलेल्यांत हिरोकाझू कानाझावा होते, ज्यांनी १९५७ची पहिली अखिल जपान स्पर्धा मोडलेल्या हाताने जिंकली. फुनाकोशी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गेले. एकीकडे हाताने शिकवणारा म्हातारा मास्तर जातो आणि दुसरीकडे संस्थेने घडवलेली तुकडी बाहेर पडते. हिदेताका निशियामा लॉस एंजेलिसला, केइनोसुके एनोएदा इंग्लंडला, कानाझावा हवाईला, अशी संस्थेची मंडळी साठच्या दशकात जगभर पांगली. ज्या देशात जे गेले, तिथल्या शोतोकानवर त्यांचा स्वभाव उमटला. एनोएदांच्या शिष्यांचे कराटे आक्रमक आणि कानाझावांच्या शिष्यांचे प्रवाही, असे जाणकार म्हणतात. १९८७मध्ये नाकायामा वारले आणि लवकरच संघटना फुटली. वाद न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे चालला. एकाच गुरूचे शिष्य वेगवेगळ्या नावांची प्रमाणपत्रे देऊ लागले, आणि भारतातल्या एखाद्या लहान शहरातल्या प्रशिक्षकाच्या कागदावर कोणता शिक्का उमटावा, हे टोकियोतल्या भांडणावर ठरू लागले.

आता बीडकडे येऊ. या जिल्ह्यात गुरुपरंपरेचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण कराटेतले नसून कुस्तीतले आहे, आणि नव्या अभ्यासकाने ते आधी वाचावे. राहुल आवारे पाटोद्याचा. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पहिला आखाडा घरचाच. पुढे तो पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांकडे गेला. बिराजदार मामा लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद, १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. १९७७मध्ये बेळगावात त्यांनी मल्ल सतपालला चीत केले, ती कुस्ती आजही लोक काल पाहिल्यासारखी सांगतात. २०११मध्ये मामा गेले आणि राहुल काका पवारांच्या हाताखाली आला. काकाही मूळचे लातूर जिल्ह्याचेच, ग्रीको-रोमन शैलीचे अर्जुन पुरस्कार विजेते. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलने सुवर्णपदक मिळवले आणि ते बिराजदारांना अर्पण केले. २०१९मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याला कांस्यपदक मिळाले.

या उदाहरणात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली : तिन्ही शिक्षक आधी स्वतः मातीत उतरलेले होते. वडील, मामा, काका ही नातीही पाहा. बिराजदारांना सगळा महाराष्ट्र मामा म्हणत होता, आणि मामा म्हटल्यावर फीची पावती मागणे कोणालाही जमत नाही. दुसरी गोष्ट भूगोलाची. शिष्य बीडचा, दोन्ही मोठे गुरू लातूरचे, आणि तालीम मात्र पुण्यात. मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोल्हापूरला शाहू महाराजांनी जे केले, खासबागेसारखे मैदान बांधले, देशभरातले मल्ल आणून पोसले, तसला राजाश्रय इथे मिळाला नाही. म्हणून इथला शिक्षकही बाहेर जाऊनच तयार झाला आणि पुष्कळदा बाहेरच राहिला. मागे राहिले ते गावचे वस्ताद. त्यांचे खेळणे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर क्वचित गेले, पण पहिला डाव त्यांनीच शिकवला. त्यांच्याविषयी लेखी काही नाही. हगाम्याची जुनी हँडबिले, इनामांच्या याद्या आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी एवढेच साधन आहे.

कराटे बीडसारख्या जिल्ह्यांत आले ते वेगळ्या वाटेने. १९७३चा ‘एंटर द ड्रॅगन’ भारतात आला आणि मुंबई, मद्राससारख्या शहरांत क्लास फुलले. लहान गावांत ते नंतर झिरपले. तालीम गावाच्या वर्गणीवर आणि मारुतीच्या नावावर उभी राहते, कराटेचा क्लास फीवर आणि शाळेच्या परवानगीवर. हा आर्थिक फरक शिक्षकाच्या घडणीतही उतरतो. कराटेच्या सरांना महिन्याला मुले टिकवायची असतात, पट्ट्यांच्या परीक्षा ठरल्या वेळी घ्यायच्या असतात. एकाच कातावर वर्षभर थांबवले तर क्लास ओस पडेल. त्यात शासनाची धोरणे आली. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. ज्या जिल्ह्यात नोकरी म्हणजे उसाच्या फडातून कायमची सुटका, तिथे क्रीडा प्रमाणपत्राला केवढी किंमत येते हे सांगायला नको. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीला आली आणि पडताळणी कडक करावी लागली, ती उगाच नाही. शाळांतल्या मुलींसाठी ३ महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण देण्याची सरकारी योजनाही आहे. तिच्यामुळे कराटे शिकवणाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण ३ महिन्यांत जे देता येते त्याला कराटे म्हणावे का, हे अझातोंना विचारायला हवे होते.

आणि कोयता, म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या मागेपुढे बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुले बरोबर जातात किंवा आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर मागे राहतात. शोतोकानमध्ये पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत साधारण तीन-चार वर्षांचा सलग सराव गृहीत धरलेला असतो. इथल्या प्रशिक्षकाच्या वर्गातली काही मुले दर वर्षी सहा-सहा महिने गायब होतात, परत येतात तेव्हा हेइआन शोदान विसरलेली असतात. अशा मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, की पट्टा देऊन पुढे ढकलायचे? टोकियोच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाला जागा नव्हती. बीडच्या सरांनी त्यावर काही ना काही तोड काढलीच असणार. ती तोड म्हणजे खरा अनुभव, आणि तो कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो. म्हणूनच कागद पाहून या लोकांना हिणवणाऱ्यांशी माझे पटत नाही. कागद पाहून त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांशीही पटत नाही.

या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्याने प्रशिक्षकाला डॅन कितवा हे सर्वांत शेवटी विचारावे. आधी शेती किती, कोरडवाहू की बागायत, हे विचारावे. पहिले गुरू कोण आणि ते काय काम करत होते, शिकायला कोणत्या गावी जावे लागले, एसटीने की मुक्कामी, भाडे कोण देत होते, हे विचारावे. सोडून गेलेल्या शिष्यांची नावे विचारावीत आणि जमल्यास त्यांनाही भेटावे. मुली शिकवणाऱ्या झाल्या का, लग्नानंतरही शिकवत राहिल्या का, हे आवर्जून विचारावे, कारण तालमीने जे दार स्त्रियांना फारसे उघडले नाही ते कराटेने उघडले आणि त्याची नोंद कोणीही केलेली नाही. प्रमाणपत्रांची छायाचित्रे जरूर घ्यावीत. सही कोणाची, संघटना कोणती आणि साल कोणते, यावरून फाटाफुटीचा सगळा इतिहास उलगडतो. वस्ताद आणि कराटेचे सर यांना एकाच वहीत लिहावे, वेगळ्या नको. पुष्कळ ठिकाणी एकच माणूस दोन्ही असल्याचे आढळेल.

वयाने मोठ्या वस्तादांकडे आधी जा. कराटेचे सर तरुण आहेत, ते पाच वर्षांनीही भेटतील. पाटोदा, आष्टी, धारूर, अंबाजोगाई, कुठूनही सुरुवात करा, पण जत्रांचा हंगाम धरून जा. त्या दिवसांत ही माणसे घरी सापडत नाहीत, मैदानात सापडतात, आणि तिथे बोलतातही मोकळेपणाने.