डिफरन्शियल, ऑटोरिक्षातील

वळणावर मागच्या दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दंतचक्रांची जुळणी. चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर काटकोनातल्या वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १.९ मीटर जास्त धावते. दोन्ही एकाच ताठ आसाने जखडली, तर टायर घासतील आणि रिक्षा सरळच रेटत जाईल. डिफरन्शियल एका चाकाचे जेवढे फेरे वाढवते, तेवढेच दुसऱ्याचे घटवते. पुढचे चाक मोकळे असल्याने आपल्या मार्गाप्रमाणे फिरते. ही युक्ती जेम्स स्टार्ली याने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये तीनचाकी सायकलसाठी वापरली. पैनगंगेकाठच्या आदिलाबाद जिल्ह्यात मात्र तिची उणीवही जाणवते: पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतलेले चाक गरगरते, कोरड्या जमिनीवरचे जागचे हलत नाही.