हुमणी, लॉन आणि विहीर

मागच्या सप्टेंबरात रत्नागिरीतल्या आमच्या घरापुढचं लॉन पिवळं पडायला लागलं. निवृत्तीनंतर बाबांनी हौसेने जांभ्यावर माती पसरली होती आणि घाटावरून हिरवळीच्या गुंडाळ्या मागवून लावल्या होत्या. वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच होतो. पिवळा तुकडा ओढून बघितला, तर सतरंजीसारखा अख्खा वर आला. मुळं शिल्लकच नव्हती. खाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. हुमणी.

बाबा लगेच कीटकनाशकाची बाटली घेऊन आले. मी त्यांना अडवलं. लॉनपासून दहा पावलांवर आमची विहीर आहे, आणि जांभ्यातून पाणी किती पटकन झिरपतं हे मला त्यांनीच शिकवलंय. “मग तूच सांग काय करायचं,” ते म्हणाले. त्या रात्री मी वाचत बसलो.

ही भानगड जुनी निघाली. थिबा राजा रत्नागिरीत वारला त्याच वर्षी, १९१६ साली, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रिव्हर्टनजवळ एका नर्सरीत चकचकीत हिरवे भुंगेरे सापडले. हा जपानी भुंगेरा बाहेरून आणलेल्या रोपांच्या मातीतून आला असावा, असं मानतात. जपानात त्याला खाणारे शत्रू होते. इथे ते नव्हते, आणि अळ्यांना खायला मैलोगणिक लॉन होतं.

१९३०च्या दशकात शास्त्रज्ञांना या अळ्यांना होणारा एक जिवाणूजन्य रोग सापडला. त्याने अळी दुधासारखी पांढरी होऊन मरते. १९३९पासून सरकारने या जिवाणूचे बीजाणू पूर्वेकडच्या राज्यांत जमिनीत टाकले. उपाय धीमा होता, पण बाकी कुणाला अपाय नव्हता. इलिनॉयला मात्र घाई होती. १९५४ साली शेल्डन गावाभोवती विमानातून डिल्ड्रिन फवारलं गेलं. पक्षी मेले, शेतांवरची मांजरं मेली. भुंगेरे पुढे सरकतच राहिले. रेचेल कार्सनने १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हे सगळं नोंदवलंय.

आपल्याकडेही उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतात हुमणीवर बीएचसीची भुकटी सर्रास टाकली जायची. १९९७ साली तिच्यावर बंदी आली. आता कृषी विद्यापीठं मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी सुचवतात. ओडेसात मेचनिकॉफने १८७९ सालीच ती गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर वापरून पाहिली होती. म्हणजे हा उपाय कीटकनाशक म्हणून डीडीटी वापरण्यापेक्षाही जुना.

आम्ही हाताने अळ्या वेचल्या, शेणखतात बुरशी मिसळून ओल्या मातीत घातली. पण भुंगेरा कुंपण मानत नाही. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघतो, रात्री झाडांवर जमतो आणि परत कुणाच्याही मातीत अंडी घालतो. म्हणून या जूनमध्ये बाबांनी शेजारच्या तिन्ही घरांत जाऊन समजावलं. चारही अंगणांत दिव्याखाली साबणाच्या पाण्याची घमेली ठेवली. सकाळी पोरं भुंगेरे मोजायची.

लॉनला अजून दोन टकलं आहेत. बाबा तिथे आता अबोली लावायची म्हणताहेत. पाणी आम्ही त्याच विहिरीचं पितो.