स्पार्कच्या खिडक्या आणि डीबगरने दाखवलेला खोटा कॉलर

मुलाखतीत 'स्टॅक फ्रेम काढून दाखवा' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेक जण इंटेलचंच चित्र काढतात. परतीचा पत्ता, जुना फ्रेम पॉइंटर, मग लोकल व्हेरिएबल्स, सगळं मेमरीत. डीबगरने फक्त साखळी धरून मागे जायचं.

पण आपल्याकडची सगळी यंत्रं अशी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्यूटरवर चालायचा, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर. आणि पवईच्या आयआयटीत घडलेला 'अजित' प्रोसेसर? तोही स्पार्कच, व्ही-८. त्यामुळे हा विषय नुसता जुन्या आठवणींचा नाही.

कल्पना मूळची बर्कलीची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड पॅटरसन यांच्या गटाने ठरवलं की प्रत्येक कॉलला रजिस्टरं मेमरीत टाकायचीच कशाला? फंक्शनला नवा संच देऊ. सनने हेच स्पार्कमध्ये आणलं. एका खिडकीत २४ रजिस्टरं: ८ इन, ८ लोकल, ८ आउट. बोलावणाऱ्याचे आउट तेच बोलावलेल्याचे इन. आय-६ म्हणजे फ्रेम पॉइंटर. आय-७ मध्ये कॉल सूचनेचा पत्ता, म्हणून परतायचं त्यात ८ मिळवून, कारण कॉलनंतरची एक सूचना आधीच चालून गेलेली असते.

खिडक्या मात्र मोजक्या, बऱ्याच चिपवर आठ. रत्नागिरीकडच्या घराची पडवी डोळ्यांसमोर आणा. आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा थोडी. ती भरली की सगळ्यांत जुनी पेटी माळ्यावर. माळा म्हणजे स्टॅक. प्रत्येक पेटीची माळ्यावरची जागा आधीच राखलेली असते, पण पेटी तिथे गेलेली असेलच असं नाही!

डीबगर नेमका इथेच फसतो. एम्युलेटरवर, ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय माझा छोटा प्रोग्राम चालवत होतो. बॅकट्रेसमध्ये पहिला कॉलर बरोबर, दुसरा मात्र असं फंक्शन जे कधीच परत जाऊन संपलं होतं. दोन दिवस मी माझ्याच कोडवर संशय घेतला. खरं कारण साधं होतं. पहिल्या कॉलरचा पत्ता चालू खिडकीच्या आय-७ मध्ये असतो, म्हणून तो बरोबर आला. दुसऱ्यासाठी डीबगर आय-६ ने दाखवलेल्या जागी मेमरीत गेला, तर ती खिडकी अजून रजिस्टरांतच होती. माळ्यावर जुनीच पेटी पडलेली, आणि त्याने तिच्यावरचं नाव वाचलं. एरर वगैरे काही नाही, व्यवस्थित दिसणारं खोटं उत्तर! हीच यादी मी अहवालात चिकटवणार होतो.

लिनक्स किंवा सोलारिसवर हे सहसा दिसत नाही, कारण प्रोग्राम थांबला की कर्नल सगळ्या खिडक्या स्टॅकवर उतरवतो. उघड्या यंत्रावर ते काम डीबगरच्या स्टबला करावं लागतं. माझ्या मांडणीत ते कोणीच करत नव्हतं.

अल्ट्रास्पार्कच्या ६४-बिट कोडमध्ये आणखी एक गंमत आहे. स्टॅक पॉइंटरमध्ये खऱ्या पत्त्यापेक्षा २०४७ कमी असतात, म्हणजे आकडा विषम. जीडीबी तो विषम बिट पाहूनच ओळखतो की फ्रेम ६४-बिटची आहे, आणि २०४७ मिळवून मगच खिडकी वाचतो.